झाकलेल्या चुलीतली पातळी

दूध उतू जाताना कुणी पाहिलंय का? आपण टक लावून बघत असतो तोवर ते निवांत असतं. फोन वाजला, दारावरची बेल वाजली, की गेलंच! यावर आपल्या आज्यांनी पिढ्यानपिढ्या एकच उपाय सांगितलाय : पातेल्याजवळून हलायचं नाही.

आता असं समजा की पातेल्यावर कायमचं झाकण बसवलंय. आत डोकावता येत नाही, डाव घालता येत नाही. आत दुधाऐवजी दीड हजार अंश सेल्सिअसचं वितळलेलं लोखंड आहे. ते सारखं वर चढतंय. आणि गॅस बारीक करायचीही फारशी सोय नाही, कारण ही शेगडी एकदा पेटवली की पंधरा-वीस वर्षं विझवत नाहीत. मग आतली पातळी कुठवर आली हे ओळखायचं कसं?

गेले काही महिने मी या एका प्रश्नाच्या मागे लागलोय. घरी आता लोखंड हा शब्द काढला तरी लोक उठून दुसऱ्या खोलीत जातात, म्हणून म्हटलं इथे लिहावं. इथे निदान जांभया दिसत नाहीत. :)

या वेडाचं मूळ भिलईत आहे. माझा मोठा मामा नागपूरहून डिप्लोमा करून तिकडे गेला आणि निवृत्त होईपर्यंत झोतभट्टीवरच राहिला. (नातेवाईक मंडळींना तो उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या भाचरांना पत्त्यांत हरवणारा मामा म्हणून आठवत असेल.) तो गेल्यावर मामीने त्याच्या काही वह्या मला दिल्या. भट्टीतून लोखंड काढलं की एक ओळ : किती वाजता उघडली, किती वाजता बंद केली, किती लॅडल भरले. आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द. ‘कोरडी’ किंवा ‘ओली’. पानंच्या पानं अशी. कोरडी, कोरडी, ओली, कोरडी...

वितळलेल्या लोखंडाची भट्टी कोरडी कशी असेल, हे मला कळेना. ते कळून घेता घेता जो इतिहास हाती लागला, तो आज सांगतो.

आधी झोतभट्टी म्हणजे काय ते. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) दहा मजली इमारतीएवढा उंच पोलादी मनोरा. आतून उच्चतापसह विटांचं अस्तर. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी थराथरांनी टाकायची. खालच्या बाजूला गोलाकार बसवलेल्या तोट्यांतून हजार-बाराशे अंशांची तापलेली हवा जोराने फुंकायची. या तोट्यांना कारखान्यात टुयर म्हणतात. टुयरच्या तोंडाशी कोक जळतो, तिथलं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. त्यातून निघालेला वायू वर जाताना खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. लोखंड वितळून थेंबाथेंबाने तळाशी गोळा होतं. दगडमाती आणि चुना यांची मिळून मळी होते. ती हलकी असल्याने लोखंडावर सायीसारखी तरंगते. हा जो तळ, त्याला इंग्रजीत हार्थ म्हणतात. हार्थ म्हणजे चूल. मला हे नाव फार आवडलं, म्हणून यापुढे मी चूलच म्हणणार आहे.

चुलीच्या भिंतीत खाली एक भोक असतं, टॅप होल. ते चिकणमातीसारख्या मसाल्याने बुजवलेलं असतं. वेळ झाली की ड्रिलने उघडायचं, लोखंड आणि मळी बाहेर काढायची, मग पुन्हा बुजवायचं.

‘वेळ झाली की’ म्हणजे केव्हा? सगळी गोम इथेच आहे.

थोडं गणित करू. कंटाळू नका, चौथीतलंच आहे. दिवसाला ५००० टन लोखंड देणारी भट्टी घ्या. तासाला झाले २०८ टन. वितळलेलं लोखंड घनमीटरला साधारण ७ टन भरतं, म्हणजे तासाला सुमारे ३० घनमीटर. एक टन लोखंडामागे ३०० किलो मळी धरली, तर तासाला ६२ टन मळी. ती घनमीटरला पावणेतीन टनांच्या आतबाहेर, म्हणजे आणखी २३ घनमीटर. एकूण ५३. चुलीचा व्यास १० मीटर धरला तर तळाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मीटर. पण चूल रिकामी नसते. ती कोकच्या ढेकळांनी गच्च भरलेली असते आणि द्रवाला मिळते ती ढेकळांमधली पोकळी, साधारण एक तृतीयांश. म्हणजे २६ चौरस मीटर. भागाकार करा : तासाला दोन मीटर!

आणि टॅप होलपासून टुयरपर्यंतची उंची असते तीन-चार मीटर. म्हणजे टॅप होल बंद करून सगळे चहाला गेले आणि गप्पा रंगल्या, तर दोन तासांच्या आत मळी टुयरच्या तोंडाशी येईल. पण गडबड त्याच्या आधीच सुरू होते. हवेला वाट मिळेनाशी होते, दाब वाढतो, वरचा माल खाली सरकायचा अडतो. मळी टुयरमध्ये शिरली तर तांब्याचे टुयर जळतात, त्यांना गार ठेवणारं पाणी भट्टीत जाऊ शकतं. अशा वेळी घाबरून हवा एकदम बंद केली तर आणखी वाईट, कारण हवेने रोखून धरलेली मळी मागे हवेच्या नळ्यांत ओघळते आणि तिथेच थिजते. सगळ्या नळ्या फोडून काढायचं काम मग बरेच तास चालतं.

तर पातळी कळणं हा काही हौसेचा मामला नाही.

गंमत अशी की एके काळी ती दिसायची! अगदी डोळ्यांनी. सतराव्या-अठराव्या शतकातल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळातल्या युरोपातल्या भट्ट्यांना पुढून चक्क उघडी पडवी होती. चुलीची पुढची भिंत तळापर्यंत जात नसे. ती वरच थांबे आणि तिच्याखालून वितळलेल्या द्रवाचं डबकं बाहेर येई. डबक्याच्या पुढे एक दगडी बांध. मळी त्या बांधावरून आपली आपण वाहून जाई. माणूस समोर उभा राहून बघू शके : मळी आज पातळ आहे का, दाट आहे का, रंग कसा आहे, कुठवर आली. लांब सळई घालून आतला गाळ खरवडूही शके. १७०९ साली अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेलला कोळशाच्या कोकवर लोखंड काढलं तेव्हाची भट्टी याच जातीची. उत्पादनही आजच्या मानाने किरकोळ, दिवसातून एकदोनदा लोखंड काढलं की काम भागे.

पण उघड्या पडवीतून फक्त दिसायचंच नाही, ज्वाळा आणि गरम वायूही बाहेर यायचे. जेम्स नीलसनने १८२८ साली हवा तापवून फुंकायची युक्ती काढली. भट्ट्या मोठ्या झाल्या, हवेचा जोर वाढला. जोर वाढला तसं ते डबकं आतल्या दाबाने बाहेर ढकललं जायला लागलं. पडवी साफ करायची तर हवा थांबवायची, माती थापायची, पुन्हा हवा सुरू करायची. दिवसातला कितीतरी वेळ याच्यातच जाई.

१८६७ साली जर्मनीत, ओस्नाब्रुकजवळच्या गेऑर्गसमारीनह्युटं इथल्या लोखंडाच्या कारखान्यात फ्रिट्स ल्युरमान नावाच्या अभियंत्याने ही पडवी बंद करून टाकली. भिंत तळापर्यंत नेली. लोखंडाचं भोक खाली ठेवलं आणि त्याच्या वर, थोड्या उंचीवर, पाण्याने थंड ठेवलेली धातूची एक वेगळी तोटी बसवली, फक्त मळीसाठी. आता हवेचा जोर हवा तेवढा वाढवा, थांबायची गरज नाही. युरोप-अमेरिकेत ही पद्धत झपाट्याने पसरली आणि नंतरच्या प्रचंड भट्ट्यांचा रस्ता तिथूनच मोकळा झाला.

लोखंडाच्या इतिहासात बेसेमरचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, ल्युरमानचं फारसं नसतं. मला मात्र तो फार महत्त्वाचा माणूस वाटतो. पातेल्यावर झाकण बसवलं ते त्याने. त्याच्यानंतर आतली पातळी बघायची गोष्ट राहिली नाही, ओळखायची झाली.

अर्थात लगेच सगळा अंधार झाला नाही. मळीची ती वरची तोटी हीच एक खिडकी होती. दोन टॅपिंगच्या मध्ये ती उघडायची. मळी वाहायला लागली याचा अर्थ पातळी तिथवर आली. आणि मळीऐवजी ठिणग्या उडायला लागल्या, तर लोखंडच तिथवर चढलंय! मग पळापळ, कारण मळीला दाद न देणारी ती तोटी लोखंडाचा स्पर्श झाला की वितळायची. अमेरिकन कामगार त्या तोटीतल्या छोट्या कड्याला ‘मंकी’ म्हणत. माकड का म्हणत कुणास ठाऊक, पण तेव्हाच्या चुलीतल्या पातळीची पहिली खबर या माकडाकडून मिळे एवढं खरं.

मग हळूहळू हीही खिडकी गेली. चांगलं निवडलेलं, भाजून गोळे केलेलं खनिज वापरात आलं, तशी मळी कमी झाली. १८९० च्या दशकात अमेरिकेत मड गन आली. म्हणजे टॅप होलमध्ये मसाला दाबून बसवणारी तोफच. तिच्यामुळे हवा चालू ठेवून भोक बुजवता येऊ लागलं. भोकं वाढवता आली, वारंवार उघडता आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मोठ्या भट्ट्यांमध्ये मळीची वेगळी तोटी ठेवणंच बंद होत गेलं. लोखंड आणि मळी एकाच भोकातून काढायची आणि बाहेर नाल्यात वेगळी करायची. १९७६ साली जपानच्या ओइता इथे ५००० घनमीटरहून मोठी भट्टी सुरू झाली. त्या आकाराच्या भट्टीत दिवसाला दहा हजार टनांहून जास्त लोखंड तयार होतं, कुठलं ना कुठलं भोक जवळजवळ सतत वाहतं असतं, आणि डोकवायला काहीही नाही.

भिलईची पहिली भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, १०३३ घनमीटरची. सोव्हिएत धाटणीची. आज तिथली आठवी भट्टी, २०१८ साली सुरू झालेली ‘महामाया’, ४०६० घनमीटरची आहे. मामाचं आयुष्य गेलं ते जुन्या भट्ट्यांवर. तो पातळी कशी ओळखायचा? मी लहानपणी विचारलं होतं. तो म्हणाला, “हिशेबाने, डोळ्याने आणि कानाने. तिन्ही जुळले तर बरं.”

डोळा म्हणजे टुयरच्या मागच्या छोट्या काचेतून बघणं. निळी काच डोळ्याला लावून बघायचं, आत कोकची ढेकळं नाचताना दिसतात. नाच मंदावला, काळपट काही ओघळताना दिसलं, की समजायचं. कान म्हणजे हवेचा आवाज, आणि त्याच्या जोडीला दाबाचा काटा. आणि हिशेब म्हणजे त्या वह्या. आत किती माल गेला, त्यातून किती लोखंड व्हायला हवं, बाहेर किती लॅडल गेले. उरलं ते आत. घरखर्चाच्या वहीसारखंच, जमा वजा खर्च बरोबर शिल्लक.

या हिशेबात एक खोट आहे आणि ती कुठल्याही शिलकीच्या हिशेबात असते. ५००० टनांत एक टक्का चूक म्हणजे दिवसाला ५० टन. चुलीत त्याची उंची होते पाव मीटरहून थोडी जास्त. एक दिवस काही बिघडत नाही. पण चूक दररोज एकाच दिशेने होत असेल, म्हणजे समजा वजनकाटाच थोडा कमी दाखवत असेल, तर चार दिवसांत कागदावरची आणि चुलीतली पातळी यांच्यात एक मीटरची तफावत. म्हणून हिशेब अधूनमधून शून्यावर आणावा लागतो. पण शून्य कुठे हे कसं ठरवायचं?

इथे ‘कोरडी’ येते. लोखंड आणि मळी वाहून वाहून संपत आली की टॅप होलमधून वायू फुसांडत बाहेर यायला लागतो, ठिणग्यांचा फवारा उडतो. म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग भोकापर्यंत खाली आला. चूल रिकामी झाली, कोरडी. वहीतली शिल्लक शून्य मांडायची आणि नव्याने सुरुवात. वायू यायच्या आतच भोक बंद करावं लागलं असेल, तर ओली. आत काय उरलंय कुणास ठाऊक. मामाच्या वहीत सलग तीन-चार ‘ओली’ आल्या की पुढची भट्टी लवकर उघडलेली दिसते. ते वाचताना मला त्याची काळजी त्या वेळांमध्ये दिसायला लागली.

पण कोरडी म्हणजे खरंच कोरडी का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला जपानी लोकांनी जे केलं ते कमाल आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं, निवृत्त होणाऱ्या भट्ट्या त्यांनी नुसत्या विझवल्या नाहीत. चालू स्थितीत हवा बंद करून, वरून पाणी सोडून आतलं सगळं जिथल्या तिथे गोठवलं, आणि मग महिनोन् महिने पुरातत्त्व खात्याने टेकाड खणावं तसं थराथराने खणलं. खनिज नेमकं कुठे आणि कसं मऊ होऊन वितळतं हे त्या खणण्यातून समोर आलं. आणि चुलीत बसलेला कोकचा तो ढिगाराही प्रत्यक्ष हाताला लागला. याला इंग्रजीत ‘डेड मॅन’ म्हणतात, मेलेला माणूस. हलत नाही म्हणून मेलेला.

आणि तोही म्हणावा तसा मेलेला नसतो. कोक लोखंडापेक्षा कितीतरी हलका. लोखंड पुरेसं साठलं की आर्किमिडीजच्या नियमाने अख्खा ढिगारा उचलला जाऊन तरंगायला लागतो, वरच्या मालाचं ओझं असूनसुद्धा. लोखंड काढलं की पुन्हा खाली बसतो. तो तरंगत असेल तर त्याच्याखाली लोखंडाला मोकळी जागा मिळते, टेकलेला असेल तर मिळत नाही. म्हणजे तेवढंच लोखंड, पण पातळी वेगळी! वर मी एक तृतीयांश पोकळी धरून जे ऐटीत गणित केलं, त्यातला तो एक तृतीयांशच स्थिर नाही. २००४ साली बेल्जियमच्या लिएज इथल्या तीन संशोधकांनी लिहिलेल्या एका निबंधाचं नावच मुळी असं आहे : डेड मॅन तरंगतो की नाही?

आता मामाच्या शून्याकडे येऊ. १९७६ साली कावासाकी स्टीलच्या फुकुताके आणि ओकाबे यांनी प्रयोगशाळेत चुलीच्या छोट्या प्रतिकृती केल्या आणि त्यातून द्रव बाहेर कसा वाहतो ते मोजलं. समजायला सोपं उदाहरण घ्या. एका डब्यात खडे भरा, त्यावर काकवी ओता आणि खालची तोटी उघडा. तोटीजवळची काकवी भराभर येते. पलीकडच्या बाजूची काकवी खड्यांमधून वाट काढत रमतगमत येते. त्यामुळे पृष्ठभाग सपाट राहतच नाही, तो तोटीच्या दिशेने उतरता होतो. तोटीपाशी हवा लागली, फुर्रर्र झालं, तेव्हा पलीकडे अजून बरीच काकवी शिल्लक असते. मळीचं तंतोतंत तसंच. फुकुताके-ओकाबेंनी दाखवलं की किती मळी मागे राहणार हे तिचा दाटपणा, वाहण्याचा वेग, ढेकळांचा आकार आणि चुलीची मापं यांच्यावर ठरतं, आणि हे सगळं एका आकड्यात बांधता येतं.

मग १९८४ साली ऑस्ट्रेलियात टॅन्झिल, पिन्चेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू दाखवली. मळी दाट असल्याने टॅप होलच्या तोंडाशी दाब इतका उतरतो, की खालचं लोखंड वर ओढलं जातं. त्यामुळे लोखंडाची पातळी भोकाच्याही खाली जाऊ शकते. गंमत बघा. भट्टी कोरडी झाली असं आपण म्हणतो त्या क्षणी मळी भोकाच्या वर उरलेली असते आणि लोखंड भोकाच्या खाली गेलेलं असतं. शून्य दोन, आणि दोन्ही शून्यावर नाहीत!

हे वाचल्यावर मी वह्या पुन्हा काढल्या आणि जरा वेळ नुसताच बसलो. इतकी वर्षं रोज प्रामाणिकपणे लिहिलेली ती ‘कोरडी’. पण नंतर वाटलं, त्याला हे नावानिशी माहीत नसलं तरी हाताला माहीत असणार. कारण काही ठिकाणी ‘कोरडी’च्या पुढे कंसात ‘दाट’ लिहिलंय, आणि त्या दिवशी पुढचं टॅपिंग नेहमीपेक्षा लवकर आहे. मळी दाट असली तर ती मागे जास्त राहते, हा फुकुताके-ओकाबेंचा निष्कर्ष त्या दीड शब्दात आहे.

डोळा मिटला, हिशेब चुकतो, शून्य फसवं. मग बाहेरून काही चाचपता येतं का? भट्टीच्या पोलादी कवचावर वेगवेगळ्या ठिकाणी तारा जोडल्या तर त्यांच्यात अगदी क्षीण विद्युतदाब मिळतो. आतली पातळी चढली-उतरली की तोही लाटेसारखा वरखाली होतो. लिएजच्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं. हा म्हणजे भट्टीचा कार्डिओग्रामच. पण तो मीटर-सेंटिमीटरमध्ये बोलत नाही. नाडी जलद चालली एवढं सांगतो, रक्त किती लिटर ते नाही. त्याला वजनाच्या हिशेबाशी ताडून बघावं लागतं, आणि भट्टीच्या एका बाजूची लाट दुसऱ्या बाजूशी जुळेलच असंही नाही. दुसरा एक प्रयत्न कवचाला ताणमापक चिकटवायचा. आत द्रव वाढला की त्याच्या दाबाने कवच किंचित, अगदी किंचित, ताणलं जातं.

सगळ्यात भन्नाट प्रयोग २००५ साली जपानमध्ये नागामिने, तनाका वगैरे मंडळींनी प्रसिद्ध केला. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात म्यूऑन नावाचे कण तयार होतात. ते आत्ता हे वाचताना तुमच्या-माझ्या आरपार चाललेत. ते भट्टीच्याही आरपार जातात, पण लोखंडातून कमी आणि विटांमधून जास्त. म्हणजे आकाशाने आयता काढून दिलेला क्ष-किरण फोटो! अडचण एवढीच की कण पुरेसे गोळा व्हायला दिवसच्या दिवस लागतात. विटांचं अस्तर किती झिजलं हे कळायला उत्तम. पण तासाला दोन मीटर चढणाऱ्या पातळीसाठी, फोटो धुऊन येईपर्यंत पाहुणे जेवून गेलेले असतात.

म्हणून शेवटी सगळं एकत्र बांधायचं काम संगणकाकडे आलं. २००१ साली फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या ओबो अकादेमी विद्यापीठाच्या ब्रॅनबाका आणि साक्सेन यांनी एक गणिती प्रतिमान मांडलं. लोखंडाची पातळी वेगळी, मळीची वेगळी, आणि ढिगारा तरंगतोय की टेकलाय हेही धरून. आता अशी प्रतिमानं आणि कवचावरच्या विद्युत लाटा यांची सांगड घालून पुढच्या तासाचा अंदाज देण्याचे प्रयत्न चालू असतात. अलीकडे त्यात शिकणारे संगणकही आलेत. चांगलंच आहे. पण पडद्यावर ‘१.८ मीटर’ असा ठळक आकडा आला, की तो मोजलेला वाटतो. तो मोजलेला नसतो. तो मामाच्या वहीतल्या शिलकीचाच पणतू असतो, जास्त शिकलेला.

हा फरक महत्त्वाचा का, ते सांगतो. ८ नोव्हेंबर २००१ ला वेल्समधल्या पोर्ट टॅल्बट इथल्या पाच नंबरच्या झोतभट्टीत स्फोट झाला. तेव्हा तो कारखाना कोरसचा होता. टाटांकडे तो २००७ साली आला. हा अपघात पातळी चुकल्याचा नव्हता, हे आधीच स्पष्ट करतो. आदल्या दिवशी शीतकरणाचा पाणीपुरवठा बिघडला, भट्टीत पाणी गळलं आणि चूल थंडावली. ती पुन्हा जागी करायचे प्रयत्न दोन दिवस चालू होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणी आणि वितळलेला माल यांची आत गाठ पडली. सुमारे ५००० टनांची ती भट्टी पाऊण मीटर उचलली गेली आणि जवळजवळ २०० टन तप्त माल बाहेर फेकला गेला. तीन कामगार गेले, बरेच जखमी झाले. चौकशीचा अहवाल वाचताना मला सारखं एकच जाणवत होतं. जमलेली सगळी माणसं अनुभवी होती, आणि सगळी एका बंद भिंतीच्या बाहेर उभी राहून आत काय आहे, किती आहे, कुठे आहे याचे तर्क करत होती. ल्युरमानने बांधलेली भिंत. ती बांधली नसती तर आजची पोलादाची दुनिया उभी राहिली नसती, हेही तितकंच खरं.

पोर्ट टॅल्बटच्या दोन्ही झोतभट्ट्या २०२४ मध्ये बंद झाल्या, शेवटची ३० सप्टेंबरला. तिथे आता भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीकडे जायचं ठरलंय. आपल्याकडे मात्र झोतभट्टीचे दिवस संपलेले नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचं लक्ष्य ठेवलंय, आणि त्यातला मोठा वाटा झोतभट्ट्यांचाच असणार. म्हणजे अजून काही दशकं तरी कुणाची मुलं, कुणाचे मामा त्या भिंतीच्या बाहेर उभे राहून आतल्या पातळीचा अंदाज बांधत असतील.

त्यांच्या पडद्यावर आकड्याच्या शेजारी तो किती इकडे-तिकडे असू शकतो हेही लिहिलेलं असावं, असं मला फार वाटतं. कंसात ‘दाट’ लिहायची जागा त्यात असावी.

असो. फारच लांबलं. वाचकांपैकी कुणी डोळवीला, गोव्यात आमोण्याला, जमशेदपूरला किंवा आणखी कुठे भट्टीवर काम केलं असेल, तर एवढंच सांगा : तुमच्याकडे शेवटच्या रकान्यात काय लिहितात? ‘कोरडी’सारखे आणखी शब्द असतील तर मला हवेत. त्यासाठी एक नवी वही आणून ठेवली आहे.